देवीने उजवी दिली

शिगमा, म्हणजे आमची होळी, सरला की आईचा फोन येतो आणि पहिलंच वाक्य असतं, "बोंडू पडूक लागले." कसा आहेस, सई अभ्यास करते का, पुण्यात ऊन किती, हे सगळं नंतर. आधी काजूचे बोंडू. यंदाही तसंच झालं. मी ऑफिसखालच्या चहाच्या टपरीपाशी उभा होतो, समोर मेट्रोच्या खांबाखाली गाड्या अडकून पडल्या होत्या आणि कानात गोव्यातलं माझं गाव, लाटंबार्से होतं. तिच्या मागे कावळे ओरडत होते, कुणीतरी पत्र्यावर काहीतरी ओतत होतं. बिया वाळत घालत असणार. "किती पडले?" मी विचारलं. "पडतत तितके पडतत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पिकलेल्या बोंडवांचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो समजावून सांगणं अवघड आहे. गोड असतो, पण गोडाच्या आत आंबट आणि आंबटाच्या आत किंचित कुजकं काहीतरी. फणस आणला तर त्याचा वास घरापुरता राहतो. काजूच्या दिवसांत आमचा अख्खा डोंगर दरवळतो. डिचोलीहून येणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसलं की गाव दिसायच्या आधी गावाचा वास येतो. लहानपणी सकाळी उठून आम्ही डोंगरावर जायचो. टोकाला खिळा ठोकलेली काठी घ्यायची, पाचोळ्यात पडलेला बोंडू टोचायचा, बी पिळून काढायची आणि बोंडू वेगळ्या टोपलीत टाकायचा. झाडावरचा काढायचा नाही. आपणहून पडेल तोच घ्यायचा. मीठ लावून खाल्ला की घसा खवखवायचा आणि शर्टावर जो डाग पडायचा तो शर्ट फाटेपर्यंत जायचा नाही. माझ्या शाळेच्या प्रत्येक शर्टावर त्या त्या वर्षीचा काजू होता.

बोंडू जायचे पुंडलीककाकांच्या भट्टीवर. पुंडलीककाका आमचे शेजारी. डोंगराच्या पायथ्याशी झावळ्यांच्या मांडवात त्यांची भट्टी असते. बोंडू तुडवून रस काढायचा, तो आंबू द्यायचा आणि मग उकळून त्याची हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची काजूची दारू, काढायची, हे त्यांचं दरवर्षीचं काम. या दिवसांत काकांनी देवाचं नाव घेतलं तरी त्याला हुर्राकीचा वास येतो, असं त्यांच्या बायकोचं, शेवंतीकाकीचं म्हणणं आहे.

बाबा शिरगावच्या बाजूला लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायचे. घरी यायचे ते लाल होऊन. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची, आणि दोरीवर वाळत घातलेले ते कपडे बघून मला वाटायचं, बाबांनी मुळातच लाल कपडे विकत घेतले असावेत. ती अंधारात उठून त्यांचा डबा करायची. डबा झाला की माझा, माझा झाला की आजीची पेज, आजीची पेज झाली की गोठा. तिला बसून जेवताना मी लहानपणी पाहिल्याचं आठवत नाही. पुढे खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. सीटखाली कोंबडीने अंडी घातली. तोवर मी पुण्यात होतो.

पुण्यात शिकायला आलो, नोकरीसाठी राहिलो, आणि मग राहिलोच. यातला 'मग राहिलोच' हा भाग मला कधी नीट सांगता आला नाही. गावात कुणी विचारलं की मी पुण्याची बाजू मांडायचो, आणि पुण्यात कुणी म्हणालं, "गोव्याचे तुम्ही? मग इथे काय करता?" की गावाची. दोन्हीकडे बोलताना आपण खोटं बोलतोय असं वाटायचं. डोक्यात सतत एक तागडी असायची. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर यायचा, त्याच्या नळीशी दोन मजल्यांची भांडणं व्हायची, की गावाकडचं पारडं खाली. माझ्या लेकीचा, सईचा, हिवाळ्यातला खोकला महिना महिना हलायचा नाही, की गाव आणखी जड. समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना मी कित्येक वर्षं त्यांच्या बुटांवरून ओळखत होतो; एकदा त्यांनी बूट बदलले तर मला वाटलं भाडेकरू बदलले.

आणि तरीही. माझी बायको वैशाली उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करण्याचं काम करते. एका खोलीत सुरू केलेलं तिचं केंद्र आता तीन खोल्यांचं झालं आहे. एक मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत अवाक्षर बोलला नव्हता. तो तिच्यासमोर पहिल्यांदा "दे" म्हणाला, त्या संध्याकाळी ती घरी येऊन भांडी घासत बसली आणि भांडी घासता घासता रडली. असं काम तिला लाटंबार्स्यात मिळालं असतं का? सईला तबल्याचे गुरुजी मिळाले ते चालत जाण्याच्या अंतरावर. रक्त तपासायचं तर कोपऱ्यावर, हाड मोडलं तर दोन कोपऱ्यांवर.

हे झालं सांगण्याजोगं. न सांगण्याजोगं असं, की पुण्यात मला कुणी "तू कोणाचो रे?" असं विचारत नाही. गावात मी चालायला लागलो की माझ्याबरोबर माझा आजा चालतो, बाप चालतो आणि दहावीला गणितात काठावर सुटलो तो निकाल चालतो. पुण्यात मी एकटा चालतो. हे मला आवडतं. जी गोष्ट आवडते तिच्याबद्दल रोज थोडं अपराधी वाटून घेणं हा माझा स्वभाव, त्यामुळे मी ती आवड कुणाला सांगितली नाही. टँकरबद्दल तेवढं सगळ्यांना सांगितलं.

काही वर्षांपूर्वीचं एक वर्ष मला राहून राहून आठवतं. आदल्या पावसात बाबा गेले. छातीत दुखायला लागलं तेव्हा पुंडलीककाकांनी गाडी काढली, आधी डिचोली, तिथून बांबोळीचं मोठं हॉस्पिटल. मी पोचलो तेव्हा सगळं उरकण्याची वेळ झाली होती. त्या दिवसांत घरी जो जो भेटायला आला त्याने जाताना माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हटलं. आवाज वेगळे, वाक्य तेच. "आवय एकटी आसा मरे तुजी." कुणाच्याही बोलण्यात आरोप नव्हता. मला मात्र तो प्रत्येकाच्या बोलण्यात ऐकू आला. मी एकुलता एक. दुसरं कुणी नाहीच, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल.

दिवाळीनंतर आईला पुण्याला घेऊन आलो. ती आनंदाने आली. लिफ्ट तिला फार आवडली. नातीला घेऊन उगाच वरखाली करायची. बागेत सकाळी टाळ्या वाजवून हसणाऱ्या बायकांचा घोळका बघायला रोज जायची, पण त्यांच्यात उभी राहिली नाही. "हसूक कारण नको?" म्हणायची. सकाळी दारावर येणाऱ्या पाववाल्याच्या, पोदेराच्या भोंग्याची वाट बघायची, तो काही यायचा नाही, मग प्लास्टिकच्या पिशवीतला पाव हातात घेऊन दाबून बघायची आणि काही न बोलता खाली ठेवायची. आमटीचं भांडं विसळलं की ते पाणी घेऊन ती बाल्कनीपर्यंत जायची आणि पाचव्या मजल्यावरून खाली बघत उभी राहायची. टाकायला माती नव्हती. मी विचारलं, "आई, बरां वाटता मगे हंय?" ती म्हणाली, "बरां आसा. बघूक बरां आसा." थंडी वाढायच्या आत ती परत गेली. काजूला मोहोर आला असेल, असं कारण सांगितलं. मोहोराला बघायला माणूस लागतं हे मला माहीत नव्हतं.

मग मी ठरवलं. म्हणजे मी ठरवलं असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या कंपनीचं एक ऑफिस वास्कोला आहे. तिथे बदली मिळत होती. लाटंबार्स्याहून वास्को म्हणजे गोव्याच्या हिशेबात परदेश, पण रोज जाऊन येणारी माणसं आहेत. वैशालीला सांगितलं तेव्हा ती सईच्या वेणीचा गुंता सोडवत होती. तिने फणी थांबवली नाही.

"तुला जायचंय?" तिने विचारलं.

"जायला हवं."

"मी काय विचारलं?"

मी खाली पडलेली रिबन उचलून तिच्याकडे दिली. ती म्हणाली, "आई एकट्या आहेत हे मलाही दिसतं. जायचं ठरलं तर जाऊ. माझ्या मुलांचं काय करायचं ते मी बघेन." माझ्या मुलांचं म्हणजे केंद्रातल्या. सई मान तिरकी करून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तबला तिकडे नेता येईल की, असं मी तिला म्हणालो. गुरुजी येणार नाहीत हे ती म्हणाली नाही, तिला फक्त फणी लागली आणि ती कळवळली.

चैत्रात रजा घेऊन मी गावाला गेलो, आईला ही बातमी द्यायला. बसमधून उतरलो तर तोच वास. घर गाठायच्या आधी मी थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मनात म्हटलं, हा वास रोज मिळेल. याने बरं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या सकाळी आई आणि शेवंतीकाकीबरोबर डोंगरावर गेलो. मी काठी घेतली, पण कित्येक वर्षांत सवय नव्हती. बोंडवाऐवजी दगड टोचत होतो. काकी हसून हसून बसली.

"गो, तुज्या झिलाक बघ. पुण्याक दगडाचे बोंडू खातत काय?"

"तेका हसू नको," आई म्हणाली. "बिचारो खुर्चेर बसान बसान वाकूक विसारलो."

"पँट बघ. इस्त्री. बोंडू घाबारतले."

मी हसलो आणि त्या हसण्याच्या आडून एकदाचं बोलून टाकलं. "आई, मी परत येतंय. कायमचो. वास्कोक बदली घेतंय. वैशाली, सई, सगळीच."

काकीने "देवा माझ्या!" म्हणून हात जोडले. आई बी पिळत होती. ती बी पिळून झाली, तिने बोंडू टोपलीत टाकला, दुसरा उचलला. तोही पिळून झाला. मग म्हणाली, "देवीक विचारया."

आमच्याकडे असंच असतं. लग्न, घर, विहीर, भांडण, मोठं काहीही असलं की सातेरीच्या देवळात जायचं. गुरव पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो. आपण प्रश्न धरायचा. उजवी पाकळी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. प्रश्न मोठ्याने विचारता येतो किंवा मनात धरता येतो. मनात धरलेली गजाल, म्हणजे गोष्ट, मात्र मागाहून कुणाला सांगायची नसते, सांगितली तर कौल उतरतो, फुकट जातो म्हणतात. पुण्यात मी हे मित्रांना हसत सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र मला एकदम हलकं वाटलं. निर्णय माझ्या अंगावरून उतरून देवीच्या अंगावर दोन पाकळ्या होऊन बसणार होता.

सोमवारी गेलो. आई, मी, काका, काकी. देऊळ थंड होतं. गुरवाने पाकळ्या लावल्या, दिव्याची वात सारखी केली आणि आईकडे बघितलं. "मनात धरतंय," ती म्हणाली. काकांनी हळूच विचारलं, "झिलाचीच गजाल मगे?" "झिलाचीच," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं:

"बा देवी सातेरी, आज ही तुजी लेक एक गजाल मनात धरून तुज्या पायाकडे आयली आसा. तिच्या मनात आसा तां बऱ्याचां आसात, तर उजवो कौल दी आणि तिका मोकळी कर."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

मग थांबणं. पाकळी पडायला किती वेळ लागेल ते कुणाच्या हातात नसतं. समईचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. मी दोन्ही पाकळ्यांवर नजर लावून उभा होतो. ओली पाकळी हळूहळू सुटते, तिची एक कड उचलली जाते, पुन्हा चिकटते. आणि मग माझ्या डाव्या हाताची पाकळी सुटली आणि खाली पडली.

डावी. माझ्या छातीत एकदम काहीतरी उघडलं. वाचलो, असा शब्द मनात आला, अगदी असाच. वैशालीचं केंद्र, सईचे गुरुजी, माझं ते एकट्याने चालणं, सगळं एका श्वासात परत मिळालं. जेमतेम एक श्वास गेला असेल. मग पुंडलीककाका म्हणाले, "उजवी दिली." काकी म्हणाली, "उजवी दिली गो." गुरवाने पाकळी उचलून आईच्या ओंजळीत ठेवली. आणि मला आठवलं, उजवी म्हणजे देवीची उजवी. देवी आपल्याकडे तोंड करून बसलेली असते. तिची उजवी आपल्या डाव्या हाताला येते. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मी इतकी वर्षं बाहेर राहून विसरलो होतो.

देवळातून उतरताना काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जिंकलंस. हापिस वास्कोक, घर हंय, आवयच्या हातचां जेवाण. आणखी काय जाय?" मी मान डोलावली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी आईच्या विरुद्ध देवीकडे नवस केल्यासारखं केलं होतं आणि देवीने तो ऐकला नव्हता. म्हातारी आई एकटी राहावी म्हणून देवळात उभं राहून मनोमन झुरणारा मुलगा. हा मीच.

वैशालीला फोन केला. "उजवी पडली," मी म्हणालो. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बरं," ती म्हणाली. "सईच्या शाळेचं बघावं लागेल." त्या 'बरं'मध्ये राग असता तर मी भांडलो असतो. त्यात राग नव्हता.

पुढचे दिवस मी परत आलेला माणूस म्हणून गावात वावरलो. परत आलेल्या माणसाचं सगळ्यांना कौतुक असतं. एकाने त्याचा बिघडलेला फोन आणून दिला. एकाने मला जत्रेच्या समितीत घातलंसुद्धा. पोदेर जास्तीची एक पोळी, म्हणजे कोंड्याचा चपटा पाव, पुढे करत म्हणाला, "आता रोज एक चड दिऊ मगे?" संध्याकाळी पडवीत बसलो की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबायचा, आणि प्रत्येकाला तेच सांगायचं. ती पोळी गरम होती, विहिरीचं पाणी गोड होतं, आभाळात चांदणं होतं, हे सगळं खरं. माणसं प्रेमाने बोलत होती, हेही खरं. मी प्रत्येक चांगली गोष्ट उचलून तागडीत टाकत होतो आणि तागडी हलत नव्हती. मी गावाला तोलत नव्हतो हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी स्वतःला समजावत होतो.

रजा संपत आली तेव्हा एका दुपारी आई अंगणात बिया भाजत होती. भोकं पाडलेला पत्रा, खाली जाळ, काजूच्या टरफलातलं तेल पेटून काळा धूर. जवळ थांबवत नाही. आई पदर नाकाला लावून लांब काठीने बिया हलवत होती. मी बाजूला दगडावर बसून भाजलेल्या बिया फोडत होतो, हाताला राख चोळून, नाहीतर चिकाने कातडी जाते.

मी म्हणालो, "पुण्याक गेल्यावर बदलीचो अर्ज दितंय."

"कित्याक?"

ती 'कशाला' विचारत होती, पण मला वाटलं तिला धुरात ऐकू आलं नाही. "बदलीचो. वास्कोक."

"तां आयकलां. कित्याक, इचारतंय."

"देवीन उजवी दिली मगे."

"उजवी माका दिली," आई म्हणाली. "तुका खंय दिली?"

मी फोडायचा दगड खाली ठेवला. ती बिया हलवतच होती. जाळाच्या उजेडात तिच्या कपाळावर घाम चमकत होता, पण चेहरा एखादी खोडी लपवणाऱ्या पोरीसारखा.

"आई, तू विचारलंस तरी काय?"

"मनातली गजाल सांगूची नसता."

"आई."

"पण तू पोटचो. पोटच्याक सांगल्यार सांगल्यासारखां नाय," तिने स्वतःच सूट काढली. मग काठी थांबवून म्हणाली, "मी देवीक म्हटलां, माजो झिल थंय बरो आसा, तेका थंयच ऱ्हवंदी. आणि माका हंय माज्या घरात एकटी ऱ्हवंदी. ह्या बऱ्याचां आसात तर उजवी दी. तिणा दिली. लगेच दिली, बघलंस मगे तू?"

मग जे निघालं ते माझ्यासारख्या माणसाच्या तोंडून निघायचं तेच. "माका सोडवूक असां विचारलंस तू. माज्यासाठी."

आता ती खरोखर चिडली. "तुज्यासाठी कित्याक? सगळां तुज्यासाठीच करूचां काय मी? आयक. लग्न करून आयलंय त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या भुकेर जेवाण केलां. सासूची भूक, घोवाची भूक, तुजी भूक. आता माका भूक लागली की मी पेज करतंय. नाय लागली तर नाय करी. दुपारी शेवंती येता, आमी पत्ते खेळतो. सांजेक भजनाक वतंय. तू आयलंस, तुजी बायल आयली, चेडू आयलां, की परत घड्याळ. परत डबे." तिने काठी पत्र्यावर आपटली. "माका तुमी आवडतास. चार दिस आवडतास."

धूर फिरून माझ्या डोळ्यांत गेला. बरं झालं.

तरी माझ्या मनातून जाईना. अपराधीपणाची सवय लागलेल्या माणसाला सुटकेवरही विश्वास ठेवता येत नाही. तिच्यातही कुणाचा तरी त्याग शोधत बसतो. संध्याकाळी मी शेवंतीकाकीला गाठलं. ती मांडवात रिकाम्या टोपल्या रचत होती. आईने देवीला काय विचारलं हे मी सांगितलं नाही, फक्त विचारलं की मी येणार म्हटल्यावर आईला कसं वाटलं.

काकीने आधी काका जवळपास नाहीत ना ते बघितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "पुता, वायट मानून घेव नको. ती भियाल्ली."

"कसल्याक?"

"तू येतलंस म्हणान. शिगम्यापासून माका सांगत होती. शेवंती, तो येयत असां वाटता, फोनार त्याच्या बोलण्यात दिसता, काय करूचां? मीच म्हटलां, देवीक विचार." आणि मग तिला हसू फुटलं. "डोंगरार मी हात जोडलंय तां तू बघलंस. कित्याक जोडलंय तां तुका काय ठावक?"

मी तिथेच उपड्या टोपलीवर बसलो. दोन घरांमध्ये, एक पुण्यात आणि एक लाटंबार्स्यात, दोन माणसं एकमेकांसाठी झुरत नव्हती. ती एकमेकांना घाबरत होती, आणि दोघंही एकाच देवीकडे एकच गोष्ट मागत होती. मला असं सुख आयुष्यात फार थोड्या वेळा झालं आहे. आईला मी नको होतो, इतकं साधं ते सुख.

वैशालीला फोन लावला. ती कामात होती, मागे एक मूल "अ, अ" करत होतं. मी सगळं सांगितलं. तिने आधी त्या मुलाला शाब्बास म्हटलं. मग म्हणाली, "आईंना म्हणावं, चार दिवस कधी येऊ ते त्यांनीच सांगायचं." आणि मग, मागच्या मुलाला नव्हे, मलाच उद्देशून, ज्या आवाजात ती मुलांना विचारते त्या आवाजात, "आता सांग. तुला कुठे राहायचंय?"

"इथे," मी म्हणालो. मी लाटंबार्स्याच्या मांडवात उभा होतो. "म्हणजे तिथे. पुण्यात."

कारण दिलं नाही. हॉस्पिटल, शाळा, केंद्र, काहीच नाही. शहरात राहण्याचे फायदे-तोटे मी इतकी वर्षं ज्याच्यापुढे मांडत होतो तो न्यायाधीश कुणी नव्हताच. टँकर अजून येतो, खोकलाही येतो. गावाची आठवण येते तेव्हा ती आठवण असते, तिची फिर्याद होत नाही.

हे लिहू का, असं यंदा आईला विचारलं, कारण गजाल तिची. ती म्हणाली, "बरय. आता काय कौल उतारता? आणि पुंडलीक पेपर वाचता तो फक्त मेलेल्यांचे फोटो बघूक." तेव्हा लिहितो आहे.

त्या वर्षीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. गावाच्या लेखी देवीने मला परत बोलावलं होतं, आणि मी निघालो होतो. निघायच्या दिवशी बसथांब्यावर सकाळची नेहमीची माणसं होती. काका मला पोचवायला आले नव्हते. ते मला जाब विचारायला आले होते.

"देवीन उजवी दिली आणि तू चल्लंस?" सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले.

मी आईकडे बघितलं. सांगायचं कसं? मनात धरलेली गजाल. काकांना सांगितली की गावाला सांगितली. आजवर माझ्यावर कुणी आरोप केला नव्हता तेव्हा मी गुन्हेगारासारखा वागलो, आणि आता पहिल्यांदाच उघड आरोप झाला तर मी निर्दोष होतो.

"काका, जमणां नाय," मी म्हणालो.

"जमणां नाय," काका मागच्या माणसांकडे वळून म्हणाले. "देवीक सांगता, जमणां नाय."

एका म्हाताऱ्याने जीभ टाळूला लावून चक् केलं. एक बाई आईकडे बघून हळहळली. तेव्हा आई पुढे आली. तिने माझ्या हातातली पिशवी सारखी केली आणि सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात म्हणाली, "वचूंदी तेका. शहराची चट लागली ती सुटता काय? देवीचां आयकलां नाय, तो माजां खंय आयकतलो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजला. वर बघितलं असतं तर तिला हसू आवरलं नसतं.